सुप्रीम कोर्ट 'म्हणालं' आणि सुप्रीम कोर्टाने 'आदेश दिला'

पोस्ट मोठी आहे. पण किनाऱ्यावर घर असलेल्यांनी आणि रोज बातम्या फॉरवर्ड करणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचावी.

२३ ऑक्टोबर १९६४. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांच्यासमोर बदनामीचा एक दावा चालू होता. उद्योगपती कृष्णराज ठाकरसी यांनी 'ब्लिट्झ' साप्ताहिकाचे संपादक रुसी करंजिया यांच्यावर तो लावला होता. दाव्यातल्या एका साक्षीदाराने न्यायमूर्तींना विनंती केली, 'माझ्या आधीच्या साक्षीची बातमी छापून आली आणि माझ्या धंद्याचं नुकसान झालं. आता तरी माझी साक्ष छापू देऊ नका.' न्यायमूर्तींनी ते मान्य केलं आणि साक्षीची बातमी द्यायची नाही असं तोंडी सांगितलं. वकिलांनी लेखी आदेश मागितला, तर तोंडी सांगितलंय तेवढं पुरे, असं उत्तर मिळालं.

म्हणजे बघा. कोर्ट उघडं होतं, बाकावर बसून कुणीही ऐकू शकत होतं. बंदी होती ती फक्त बाहेर जाऊन छापायला.

ब्लिट्झचे वार्ताहर नरेश श्रीधर मिरजकर गप्प बसले नाहीत. ते आधी हायकोर्टातच गेले. तिथे त्यांचा अर्ज १० नोव्हेंबर १९६४ ला फेटाळला गेला. मग ते सुप्रीम कोर्टात गेले, आणखी काही पत्रकारही गेले. प्रकरण थेट नऊ न्यायाधीशांच्या पीठापुढे आलं. अध्यक्षस्थानी सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर, साताऱ्यात जन्मलेले. ३ मार्च १९६६ ला निकाल लागला आणि पत्रकार हरले.

बहुमताचं म्हणणं थोडक्यात असं. न्यायाधीश समोरच्या खटल्यात न्याय करण्यासाठी आदेश देतो, तेव्हा तो कुणाच्या भाषणस्वातंत्र्यावर घाला घालतो असं म्हणता येत नाही. कोर्ट खुलं असणं हा नियम आहे, पण न्यायासाठीच गरज पडली तर नियमाला अपवाद करता येतो. आणि तारकुंडेंची बंदी खटला संपेपर्यंतचीच होती, कायमची नव्हे, असाही अर्थ त्यांनी लावला. नऊपैकी एकच न्यायाधीश याच्या विरोधात गेले, एम. हिदायतुल्ला. न्यायाधीशाच्या आदेशानेही मूलभूत हक्काला धक्का लागू शकतो आणि तसं झालं तर सुप्रीम कोर्टाने दखल घेतलीच पाहिजे, असं त्यांचं मत होतं.

गंमत म्हणजे हेच तारकुंडे पुढे नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीतलं देशातलं मोठं नाव झाले. आणीबाणीच्या काळात जयप्रकाश नारायण यांच्यासोबत ते उभे राहिले. माणसाला एका निकालावरून मोजू नये ते असं.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे एक विद्यार्थिनी. आपल्याच किनाऱ्यावरची आहे, कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला. अभ्यासाला हा निकाल होता म्हणून विचारायला आली. म्हणाली, "दादा, यात तुम्ही पत्रकार हरलात. पण मला वाटतं खरे हरले ते वाचणारे. कोर्ट खुलं आहे म्हणजे दार उघडं आहे. पण किहीमहून उठून आत जाऊन बसणार कोण? जो जातो त्याने येऊन सांगितलं, तरच ते कोर्ट माझ्या आईसाठी खुलं."

मी वीस वर्षं बातम्या लिहितोय, पण हे इतकं सरळ कुणी मांडलेलं ऐकलं नव्हतं. त्या काळी रेवसहून लाँच पकडून भाऊच्या धक्क्याला उतरायचं आणि दिवस मोडून हायकोर्टात बसायचं, हे इथल्या कुठल्या शेतकऱ्याला परवडणार होतं? दिल्ली तर लांबच. त्याचं कोर्ट म्हणजे पेपर.

आता पुढचा टप्पा. त्यातही एक विद्यार्थीच आहे. सुप्रीम कोर्टात सोमवारी आणि शुक्रवारी विद्यार्थी-इंटर्नना कोर्टरूममध्ये सोडत नसत. स्वप्नील त्रिपाठी या कायद्याच्या विद्यार्थ्याने त्यावरून याचिका केली आणि सुनावणी पडद्यावर तरी दाखवा अशी मागणी केली. २६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने थेट प्रक्षेपणाचं तत्त्व मान्य केलं. त्या पीठावर तिघांपैकी दोघे मराठी होते, अजय खानविलकर आणि धनंजय चंद्रचूड. प्रत्यक्ष अंमलाला आणखी चार वर्षं लागली. २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांची सुनावणी थेट दिसू लागली. तेव्हा सरन्यायाधीश होते उदय लळीत, मूळचे कोकणातले. आणि त्या पहिल्याच दिवशी चाललेल्या प्रकरणांत आपल्या शिवसेनेचा वाद होता. चहाच्या टपरीवर मोबाइल टेकवून लोकांनी सुप्रीम कोर्ट पाहिलं.

दार उघडलं, मग प्रश्न सुटला का? तर नाही. प्रश्न बदलला.

सुनावणीत न्यायाधीश खूप काही बोलतात. वकिलाला अडवतात, उलटा प्रश्न टाकतात, कधी चिडतात. ते सगळं आदेश नसतं. पण आमच्या धंद्यात 'झापलं', 'खडे बोल सुनावले', 'दणका' हे शब्द तयारच असतात. दुपारी न्यायाधीशाने विचारलेला प्रश्न संध्याकाळी निकाल होऊन तुमच्या ग्रुपवर येतो.

यावरही सुप्रीम कोर्ट बोललेलं आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोना भरात असताना, मद्रास हायकोर्टाने निवडणूक आयोगाबद्दल फार कडक तोंडी शेरा मारला. आयोग सुप्रीम कोर्टात गेला आणि असे तोंडी शेरे माध्यमांनी छापू नयेत अशी मागणी केली. ६ मे २०२१ ला कोर्टाने नकार दिला. कोर्टात जे बोललं जातं ते सांगण्याचा माध्यमांना हक्क आहे, असं म्हटलं. पण त्याच निकालात हेही आहे की तोंडी शेरा हा कोर्टाच्या अधिकृत नोंदीचा भाग नसतो. म्हणजे ऐकलेलं छापा, पण शेऱ्याला आदेश म्हणून खपवू नका.

विद्यार्थिनीने यावर मला पुन्हा अडवलं. "पण तारकुंडेंचंही तोंडीच होतं की. ते मात्र बंधनकारक?" बरोबर आहे तिचं. ते तोंडी असलं तरी काय करायचं नाही ते स्पष्ट सांगणारा हुकूम होता. म्हणून फरक नुसता तोंडी की कागदावर असा नाही. कोर्टाने कुणाला काही करायला किंवा न करायला सांगितलं का, हे बघायचं.

आपल्याकडे हे का महत्त्वाचं? किहीमचंच घ्या. नीरव मोदीचा बंगला ८ मार्च २०१९ ला सुरुंग लावून पाडला. बेकायदा बंगल्यांचं ते प्रकरण मुंबई हायकोर्टात होतं, पण गावात अजून निम्मे लोक 'सुप्रीम कोर्टाने पाडला' असंच सांगतात. हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण १९९१ च्या सीआरझेड अधिसूचनेपासून भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा हा इथल्या प्रत्येक घराच्या जिवाचा प्रश्न आहे. 'कोर्टाचा आदेश आला, ५०० मीटरच्या आतलं सगळं तोडणार' असा एक मेसेज फिरला की पर्यटकांसाठी दोन खोल्या काढलेल्या बाईची झोप उडते. दुसऱ्या दिवशी दलाल दारात हजर, 'आत्ताच विका, नंतर काही मिळणार नाही.' आदेश कुठे आहे म्हणून विचारलं तर कुणाकडेच नसतो.

घटनेच्या कलम ३४८ प्रमाणे सुप्रीम कोर्टाचं कामकाज इंग्रजीत चालतं, ही अडचण आहेच. पण आता निकाल फुकट बघता येतात आणि काही निकालांचे मराठी अनुवादही आहेत. म्हणजे मिरजकरांच्या काळात जे वाचकाला शक्यच नव्हतं, ते आज शक्य आहे.

म्हणून कोर्टाची बातमी आली की तीन प्रश्न विचारा. कुठलं कोर्ट? आदेश की नुसता शेरा? आदेश असेल तर तात्पुरता की अंतिम? आम्हा पत्रकारांनाही बेधडक विचारा, बातमीत हे नसेल तर बातमी अर्धी आहे.

आणि पुढच्या वेळी ग्रुपवर 'सुप्रीम कोर्टाचा दणका' आला, तर पुढे ढकलण्याआधी पाठवणाऱ्याला फक्त तारीख आणि केस नंबर मागा. नंबर आला नाही, तर निदान त्या दिवशी कुठल्याही कागदावर सही करू नका.