न्याय्य वाट्याचे गणित

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या माउंट लॉरेल या नगराने विभागीय नियमांद्वारे स्वस्त घरांना वावच ठेवला नव्हता. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्या गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांवर गाव सोडण्याची वेळ आली. नियोजनकाराने वंचितांची बाजू वकिलाप्रमाणे मांडावी, असा विचार पॉल डेव्हिडॉफ यांनी १९६५ मध्येच मांडला होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये हे नियम अवैध ठरविले. विकसनशील नगरांनी परिसराच्या गरजेतील न्याय्य वाटा उचलावा, असा दंडकही घातला. मात्र वाटा किती, हे मोघम राहिल्याने पळवाटा उरल्या. १९८३ च्या दुसऱ्या निकालानंतर नियोजनकारांनी रोजगार, उत्पन्न व वाढीयोग्य जमीन यांवरून नगरनिहाय घरांची संख्या काढली. तत्त्वाला आकड्यांचे बळ मिळाले.