एकास पस्तीस : एका विषम प्रमाणाची कुळकथा

लष्करी वाहनांच्या हुबेहूब प्रतिकृती घडविणाऱ्या कोणाही छांदिष्टास, मग तो ओसाकाचा असो, मिलानचा असो वा पुण्याचा, त्याच्या मेजावरील रणगाडा मूळ वाहनाच्या कितव्या हिश्शाचा आहे असे विचारले, तर बहुधा एकच उत्तर मिळते : पस्तिसाव्या. हे उत्तर इतक्या सहजपणे दिले जाते, की या आकड्यात काही विपरीत आहे अशी शंकाही कोणास येत नाही. विमानांच्या प्रतिकृतींत रूढ असलेल्या १/७२ या प्रमाणाचा अर्थ सहा फुटांस एक इंच, आणि १/४८ चा अर्थ एका फुटास पाव इंच. दोन्ही प्रमाणे इंग्रजी फूटपट्टीच्या रेघांवर नेमकी बसतात आणि म्हणून त्यांच्या कुळाविषयी वाद उरत नाही. परंतु १/३५ प्रमाणात एक फूट म्हणजे ८.७ मिलिमीटर आणि एक मीटर म्हणजे २८.५७ मिलिमीटर होतात. जगातील कोणत्याही पट्टीवर या मापाची रेघ नाही, कोणत्याही आरेखकाने स्वेच्छेने असा आकडा पत्करला नसता, आणि तरीही चिलखती वाहनांच्या प्रतिकृतींचे अवघे साम्राज्य आज याच आकड्याच्या अमलाखाली नांदते आहे. या अंमलाची मूळ सनद शोधू गेले असता हाती लागतात ते विजेरीचे दोन सेल.

प्रतिकृतींचा सर्वसाधारण इतिहास परिचित आहे, तेव्हा त्याचा विस्तार येथे करीत नाही. १८९३ साली विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने पोकळ ओतीव शिशाचे सैनिक बाजारात आणले, १९३०च्या दशकाच्या आरंभी जेम्स हे स्टीव्हन्स यांनी ‘स्कायबर्ड्‌स’ या नावाने १/७२ प्रमाणाची लाकडी विमाने विकावयास काढली, १९३६ साली ‘फ्रॉग पेंग्विन’ने त्याच प्रमाणाची विमाने सेल्युलोज अॅसिटेटच्या सुट्या भागांत आणली, आणि १९४२ साली अमेरिकी नौदलाने शत्रुमित्रांची विमाने ओळखावयास शिकविण्याकरिता शाळकरी मुलांकडून लक्षावधी प्रतिकृती करवून घेतल्या. या सर्व खटाटोपात रणगाड्याचे स्थान गौण होते. त्याला स्वतःचे असे प्रमाण नव्हते. अमेरिकेत रेव्हेल कंपनीचा शर्मन १/४० चा, ऑरोराचे रणगाडे १/४८ चे, रेनवॉलचे १/३२ चे, असा सारा बेबंद कारभार १९६०पर्यंत चालू होता.

आता जपानकडे वळावयाचे. शिझुओका हे फुजी पर्वताच्या नैर्ऋत्येचे शहर लाकूडकामाकरिता पूर्वापार प्रसिद्ध. तोकुगावांच्या काळात तेथील सेंगेन व तोशोगू या देवस्थानांच्या बांधकामासाठी आलेले सुतार व लाखकाम करणारे कारागीर तेथेच स्थायिक झाले, आणि आजच्या प्रतिकृती-उद्योगाचे मूळ तिथले लोक या कारागिरांपर्यंत नेऊन भिडवितात. या परंपरेतच योशिओ तामिया यांची १९४६ साली स्थापन झालेली लाकडाची पेढी येते. १९५१ साली आगीत लाकडाचा साठा भस्मसात झाला, आणि पेढीने हळूहळू इमारती लाकडाचा व्यापार सोडून लाकडी प्रतिकृतींचा धंदा धरला. वासेदा विद्यापीठातून शिकून आलेले थोरले चिरंजीव शुनसाकु तामिया १९५८ साली धंद्यात उतरले, तेव्हा अमेरिकेतून येणारे प्लॅस्टिकचे संच लाकडाचा बाजार बुडवू लागले होते. तामियांनी १९६० साली १/८०० प्रमाणाची ‘यामातो’ युद्धनौका प्लॅस्टिकमध्ये काढली. प्रतिस्पर्ध्याने तीच नौका स्वस्तात विकावयास आणल्यामुळे ती पडून राहिली. साच्यावर ओतलेला पैसा बुडाल्यानंतरचा दुसरा डाव म्हणजे १९६१-६२ च्या संधिकालातला ‘पँथर’ रणगाडा.

पँथरच का? कुर्स्कच्या रणांगणावर १९४३ साली उतरलेला हा जर्मन रणगाडा तिरप्या पण सपाट पोलादी पत्र्यांचा आहे. त्याच्या देहावर गोलाई फार थोडी. पोलादाचा साचा कोरणाऱ्यास सपाट पृष्ठ स्वस्त पडते व गोल पृष्ठ महाग. निवडीमागे रूपाइतकाच हा हिशेबही होता. खोक्यावरील चित्र मुलांच्या मासिकांतून युद्धचित्रे काढून घरोघर पोचलेल्या शिगेरु कोमात्सुझाकी यांनी रंगविले. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की हा रणगाडा चालणारा होता : पोटात मोटर, दंतचक्रे व दोन सेल. जपानच्या मुलांना त्या काळी शोभेची स्थिर वस्तू नको होती. पुस्तकांचा ढीग चढून पलीकडे उतरणारा रणगाडा हवा होता.

शुनसाकु तामिया यांनी आपल्या आठवणींत या प्रमाणाची कैफियत अगदी निःसंकोचपणे दिली आहे. पँथर खपला, तेव्हा इतर देशांचे रणगाडे त्याच मापाने काढावे असा विचार झाला. म्हणून पँथरचे मोजमाप घेतले, आणि ते मुळाच्या सुमारे पस्तिसाव्या हिश्शाचे भरले. आकार आधी ठरला होता आणि तो दोन सेल पोटात मावावे एवढ्यासाठी ठरला होता. प्रमाणाचा आकडा मागाहून, मोजून, काढण्यात आला. आपल्या शिल्पशास्त्रात तालमानाचा हिशेब मूर्तीच्या मुखापासून सुरू होतो आणि नवताल मूर्तीचा सारा देह त्या मुखाच्या नऊ पटींत बसवितात. इथे देहाचे मान उदरावरून ठरले.

परंतु मला या कैफियतीवर थांबवत नाही, कारण ‘दोन सेल मावतील एवढा’ हे उत्तर अर्धेच आहे. दोन सेल १/३२ च्या पँथरमध्येही मावले असते आणि १/२५ च्या पँथरमध्ये तर दहा. मग पस्तीसच का? येथे मी कागद घेऊन बसलो. पँथरची पट्ट्यांसह रुंदी ३.२७ मीटर, प्रत्येक पट्टा ६६ सेंटिमीटरांचा, म्हणजे दोन पट्ट्यांच्या आतल्या कडांमध्ये १.९५ मीटर उरतात. याचा पस्तिसावा भाग ५५.७ मिलिमीटर. जपानात दुसऱ्या क्रमांकाचा म्हणून ओळखला जाणारा मधल्या जाडीचा सेल, जो या रणगाड्यात घालावयाचा होता, त्याचा व्यास २६ मिलिमीटरांहून किंचित अधिक. असे दोन शेजारी शेजारी ठेवले तर सुमारे ५२.५, आणि प्लॅस्टिकच्या दोन भिंती प्रत्येकी दीड मिलिमीटर धरल्या तर बेरीज ५५.५. पस्तिसाव्या हिश्शात हे सारे केसाच्या अंतराने बसते. छत्तिसाव्या हिश्शात जागा ५४.२ उरते आणि बसत नाही. रेव्हेलच्या चाळिसाव्या हिश्शात ती ४८.८ वर येते आणि नुसते सेलही आत जात नाहीत. माझा तर्क असा की १/३५ हे दोन सेल आडवे शेजारी घेऊ शकणारे लहानात लहान पूर्णांकी प्रमाण आहे, आणि ज्या धंद्यात प्लॅस्टिकच्या प्रत्येक ग्रॅमला व साच्याच्या प्रत्येक इंचाला दाम पडतो, त्या धंद्यातला कारागीर लहानात लहान आकाराकडेच जाणार.

यावर कोणी म्हणेल की सेल एकापुढे एक ठेवता आले असते. ठेवता येतील; पण तसे ठेवले तर दोन सेलांची लांबी १०० मिलिमीटर होते, कवचपेटीची लांबी १९६, आणि उरलेल्या जागेत मोटर व दंतचक्रे कोंबून वजन मात्र एका रेषेत मध्यभागी साचते. अडथळा चढणाऱ्या गाडीस वजन बुडाशी रुंद पसरलेले हवे.

प्रतिपक्षांचीही दखल घेतली पाहिजे. पहिला पक्ष सैनिकांचा. शिशाच्या सैनिकांची उंची ५४ मिलिमीटर ही पुरातन वहिवाट, आणि तामियांनी प्रमाण त्या सैनिकांच्या जवळपास जाणारे निवडले, असे हे लोक म्हणतात. पण पावणेदोन मीटर उंचीचा मनुष्य ५४ मिलिमीटरांत आणावयाचा तर प्रमाण १/३२ येते. १/३५ मध्ये तो बरोबर ५० चा होतो आणि शिशाच्या शिपायाशेजारी खुजा दिसतो. शिवाय तामियांची सैनिकांची मालिका जर्मन रणगाडा-दलाच्या संचाने १९६८ साली सुरू झाली. रणगाडा आधीचा, सैनिक नंतरचे. दुसरा पक्ष म्हणतो की १/३५ म्हणजे एका यार्डास एक इंच, म्हणजेच १/३६, या प्रमाणाचे दशमान देशात झालेले गोलाईकरण. हे मत चतुर आहे एवढेच. छत्तिसाचे गोलाईकरण करणारा मनुष्य चाळिसावर जाईल, पस्तिसावर कशाला?

तिसरा पक्ष मात्र खरोखर वजनदार आहे. अमेरिकेच्या मोनोग्राम कंपनीने १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात पॅटन रणगाडा व लष्करी मालमोटारी काढल्या, आणि आजच्या याद्यांत त्या १/३५ म्हणून नोंदलेल्या आहेत. तारखांच्या हिशेबाने अग्रमान मोनोग्रामचा आहे, हे मला मान्य. पण कुळ म्हणजे केवळ पहिला जन्म नव्हे. कुळ म्हणजे वंश चालणे. मोनोग्रामने हा आकडा पुढे चालविला नाही. १९७०च्या दशकातली त्यांची चिलखती वाहने १/३२ ची निघाली. आणि शिझुओकाचा पँथर मोजल्यानंतर पस्तिसावा ठरला असेल, तर तो आकडा कोणाचे पाहून घेतलेला असू शकत नाही. दोन विहिरींना एकाच खोलीवर पाणी लागले, म्हणून एकीचे पाणी दुसरीत आले असे होत नाही.

माझ्या तर्कास खरे बळ मिळते ते अनपेक्षित ठिकाणाहून, इंग्रजी आगगाड्यांतून. खेळण्यातल्या आगगाडीचा साडेसोळा मिलिमीटरांचा रूळ हा फुटास साडेतीन मिलिमीटर या प्रमाणाशी, म्हणजे १/८७ शी, जुळणारा होता. परंतु इंग्लंडची इंजिने युरोप खंडातल्या इंजिनांपेक्षा अंगाने लहान, आणि त्यांच्या प्रतिकृतीच्या पोटात त्या काळची मोटर मावेना. तेव्हा इंग्रज कारखानदारांनी रूळ तोच ठेवून इंजिनाचा देह तेवढा फुटास चार मिलिमीटर असा फुगविला, आणि १/७६ हे प्रमाण जन्मास आले. पुढे एअरफिक्स कंपनीने आगगाडीच्या फलाटांशेजारी शोभतील अशी घरे-स्टेशने काढली, आणि १९६१च्या सुमारास त्याच प्रमाणाचे पँथर, शर्मन व चर्चिल रणगाडे काढले. म्हणजे रणगाड्यांच्या प्रतिकृतींची जी दोन मोठी घराणी जगात झाली, त्या दोहोंचे प्रमाण मोटर वा तिचे सेल पोटात बसविण्याच्या अडचणीतून निघाले. दोघांनीही आरंभी पँथरच घडविला. आणि इंग्रजी घराण्यातल्या त्या इवल्या पँथरमध्ये तर मोटर कधी बसणारच नव्हती. तिसऱ्याच एका यंत्राची अडचण त्याने वारसाहक्काने घेतली.

पुढचा विस्तार झपाट्याचा. १९६८ नंतर तामियांनी रणगाड्यांभोवती सैनिक, जीपगाड्या, तोफा, तेलाची पिपे असा सारा संसार त्याच मापाने उभा केला. इटलीच्या इटालेरीने, कोरियाच्या अॅकॅडमीने, हाँगकाँगच्या ड्रॅगनने, चीनच्या ट्रंपेटरने तेच माप उचलले, कारण एकाचा शिपाई दुसऱ्याच्या रणगाड्यावर बसला पाहिजे. मोटरी गळून गेल्या. खुद्द तामियांनी २००४ साली १/४८ ची नवी मालिका काढली, विमानांच्या शेजारी ठेवता येईल अशी. तिचे कौतुक झाले, पण जुन्या वहिवाटीस धक्का लागला नाही.

त्या वहिवाटीचा सर्वांत बोलका पुरावा जुन्या संचांच्या बुडाशी आहे. तो कोणत्याही दफ्तरात शोधावा लागत नाही. संच उघडून पोटाचा पत्रा उलटा करावा : बोटभर अंतरावर स्विचची लांबट खाच, दूरनियंत्रणाच्या तारेची वाट, मोटर आवळण्याच्या स्क्रूंची गोल भोके. मूळ रणगाड्यात यांतले काहीही नाही. अचूकतेचा आग्रह धरणारा कारागीर आतून अर्ध्या मिलिमीटरच्या स्टायरीनचा तुकडा लावतो, बारीक कुंचल्याने द्रव सिमेंटचा एकच थेंब कडेशी टेकवून तो सांध्यात आपसूक ओढला जाऊ देतो, रात्रभर वाळल्यावर वरून पुट्टी भरतो, आणि चारशे व मग आठशे क्रमांकाच्या पाणपॉलिश पेपरने ती इतकी समतल करतो की नख फिरवूनही सांधा लागू नये. पट्ट्यांवरचा कवचपेटीचा तळही अनेक जुन्या संचांत उघडा असतो. तोही पत्रा कापून झाकावा लागतो. ही सारी मेहनत न दिसणाऱ्या बाजूची आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते.

आपल्याकडे ज्यांना मूळ वस्तूवर पट्टी लावून पाहावयाची असेल, त्यांच्यासाठी अहमदनगरचे (आता अहिल्यानगरचे) १९९४ साली उघडलेले घोडदळ-रणगाडा संग्रहालय आहे. १९६५च्या युद्धात हस्तगत केलेला पॅटन तेथे उभा आहे. एम-४८ पॅटनची रुंदी ३.६३ मीटर, म्हणजे प्रतिकृतीत १०३.७ मिलिमीटर भरली पाहिजे. मूळ रणगाड्यापुढे उभे राहून हा भागाकार केला, की बुरुजाच्या ओतीव पोलादाचा खरबरीतपणा पस्तीस पटींनी लहान केल्यावर किती उरतो हेही डोळ्यांना कळते, आणि पुट्टीचा हात कुठे थांबवावयाचा ते समजते.

राहता राहिला माझ्या आडव्या सेलांचा तर्क. त्याची परीक्षा सोपी आहे. तामियांचा आरंभीचा पँथर ज्याच्या संग्रही असेल, त्याने कवचपेटीच्या आतल्या दोन भिंतींमधले अंतर कॅलिपरने मोजावे. ते साडेबावन्न मिलिमीटरांहून कमी भरले, तर माझा दावा रद्द समजावा. तेवढे किंवा किंचित अधिक भरले, तर मोनोग्रामवाल्यांनी आणि सैनिकवाल्यांनी त्या अंतराचा दुसरा कोणता खुलासा त्यांच्यापाशी आहे तो पुढे मांडावा.