मिशनची शाळा आणि मुक्ताचा प्रश्न

मिशनऱ्यांविषयी आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. त्यांनी अस्पृश्यांचा उद्धार केला, हा एक. त्यांनी अस्पृश्यांना बाटवले, हा दुसरा. दोन्हींत कर्ता मिशनरीच. अस्पृश्य माणूसही काही विचार करीत होता, हे दोघांच्याही गावी नाही. मला हा इतिहास त्या माणसाच्या बाजूने वाचावासा वाटतो.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरला ठाणे उभारले, १८४२ साली ‘ज्ञानोदय’ सुरू केले. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. नगरची मिस फॅरार यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली आणि १८४८ साली पुण्यात स्वतःची शाळा काढली. मिशनकडून त्यांनी शाळा घेतली, बाप्तिस्मा घेतला नाही.

त्यांच्याच शाळेतील मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त आला. वेदांचा अधिकार जर ब्राह्मणांनाच, तर आमचा धर्म कोणता, असा तिचा रोखठोक सवाल होता. हिंदू धर्मावरील हा घाव मिशनच्या सोयीचा होता, हे उघड आहे. पण सवाल मिशनचा नव्हता, मुक्ताचा होता.

पुढच्याच वर्षी धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला आणि मुंबई सरकारने तो नकार उचलून धरला. सरकारी शाळेचे दार असे बंद असताना मिशनचे उघडे होते. नगर जिल्ह्यात महार मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले, त्याचे कारण केवळ भाकरीत नाही, या दारातही शोधले पाहिजे.

मात्र धर्म बदलला तरी महारवाडा जागचा हलला नाही. धर्मांतरितांची जात गेली काय, हे बाबासाहेबांनी तपासले आणि उत्तर नकारार्थीच दिले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीची मान्यता हिंदूंपुरती ठेवली. १९५६ मध्ये ती शिखांना मिळाली. आपण बौद्ध झालो, पण आपल्याला ती १९९० पर्यंत मिळाली नाही. ख्रिस्ती दलित आजही तिच्या बाहेर आहे. गाव त्याची जात विसरत नाही. कायदा मात्र ती गेली असे धरून चालतो.

चौतीस वर्षे हाच अन्याय सोसलेल्या आपण त्याच्याविषयी गप्प का? मुक्ताने धर्म विचारला होता, तो हक्क मागण्यासाठी. आज धर्म विचारला जातो, तो हक्क नाकारण्यासाठी. ख्रिस्ती दलितांची मागणी आपल्या चळवळीने आपलीच मानली पाहिजे.