सहाण, लवंग आणि दातांचा दवाखाना

दात काढायला नेताना मूल घाबरू नये म्हणून अमुक एक मुळी उगाळून द्यावी, अशी निराळी रीत ठाणे-कल्याणच्या जुन्या घरांत नव्हती, आणि ती नसण्याचे कारण उघड आहे: त्या काळी दातांचा दवाखानाच नव्हता. दुधाचा दात पडला की तो कौलांवर फेकून देत. किडलेली दाढ ठणकू लागली की कापसाचा बोळा लवंगेच्या तेलात भिजवून दाढेत बसवीत, किंवा अक्कलकाढ्याचा तुकडा चघळायला देऊन हिरडी बधिर करीत. आणि एवढ्यानेही भागले नाही, तर न्हाव्याच्या किंवा गावोगाव हिंडणाऱ्या वैदूच्या चिमट्यापुढे तोंड उघडावे लागे. भय तेव्हाही होतेच; पण ते आजीच्या मांडीवर बसून सोसता येई, ही गोष्ट या इतिहासात मला फार महत्त्वाची वाटते.

शामक वनस्पतींशी मुलाची ओळख मात्र दात येण्याच्याही आधीची असे. बाळगुटीच्या डब्यात वेखंड, जायफळ, हिरडा, मुरुडशेंग, सुंठ, अतिविष, ज्येष्ठमध, हळकुंड, खारीक, बदाम अशी द्रव्ये असत. न्हाऊन आलेल्या बाळासाठी सहाणेवर थोडे दूध घालून प्रत्येकाचे ठरावीक वेढे उगाळीत; पोट दुखत असेल तर मुरुडशेंगेचा वेढा वाढे, रात्री झोप नसेल तर जायफळाचा, आणि तो वाढविण्याचा अखत्यार घरातल्या थोरल्या बाईचा असे. मग तो लेप बोटाने किंवा बोंडल्याने बाळाच्या तोंडात जाई. काश्यपसंहितेत बालकांना द्यावयाच्या लेहांचा एक अध्याय आहे आणि दंतोत्पत्तीचाही आहे. हा खंडित ग्रंथ नेपाळातील हस्तलिखितावरून १९३८ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात छापला गेला, तेव्हा वैद्यांच्या हाती जे पोथीरूपाने आले त्याच्या जवळपासचे पुष्कळसे आमच्या बायका सहाणेवर पूर्वापार करीत आल्या होत्या.

ही द्रव्ये या मुलुखात सहज मिळत, ती मुख्यतः कल्याणमुळे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवृत्तात या बंदराचा उल्लेख आहे आणि कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. हिरडा-बेहडा सह्याद्रीच्या उतारावरचा. लवंग आणि जायफळ मात्र मूळची मोलुक्का बेटांची, कोकणच्या किनाऱ्याला समुद्रमार्गे आलेली. पुढे कल्याणचा सुभा पेशव्यांकडून कंपनी सरकारकडे गेला, जकातीची दप्तरे बदलली, १८५४ मध्ये आगगाडी कल्याणपर्यंत धावू लागली. तथापि काष्ठौषधीच्या दुकानातून घरी येणारी गुटीची पुडी होती तशीच राहिली.

परंतु याच परंपरेची एक काळी बाजू आहे आणि ती लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. मुंबईच्या गिरणगावात पाळीवर जाणाऱ्या आया मागे राहिलेल्या तान्ह्याला ‘बाळागोळी’ देत, आणि त्या गोळीत अफू असे. १८९३ मध्ये नेमलेल्या अफू आयोगापुढे तान्ह्या मुलांना अफू देण्याच्या या चालीविषयी साक्षी झाल्या. त्या माउलींना दोष देण्याचा अधिकार मला नाही. दहा-बारा तास यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्या स्त्रीपुढे दुसरा मार्ग तो कोणता? पण मूल गुंगीत पडणे आणि मूल निर्धास्त होणे या दोन अगदी भिन्न अवस्था आहेत, आणि औषधाची भाषा बोलताना आपण त्यांची वारंवार गल्लत करतो.

पाश्चात्त्य दंतवैद्यक आपल्याकडे पुष्कळ उशिरा रुजले. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यास १९२० मध्ये देशातले पहिले दंतमहाविद्यालय काढले, मुंबईत नायर रुग्णालयाचे १९३३ मध्ये निघाले, आणि दंतवैद्यांची नोंदणी सक्तीची करणारा कायदा १९४८ चा. या नव्या दवाखान्यातही लवंग होतीच. काचेच्या पट्टीवर झिंक ऑक्साइडची पांढरी भुकटी घेऊन तीत लवंगेच्या तेलाचा अर्क, म्हणजे युजेनॉल, थेंबाथेंबाने मिसळावयाचा, पात्याने घोटून त्याचा घट्ट लगदा करावयाचा आणि किडलेल्या दातात तात्पुरता भरावयाचा, ही कृती दंतवैद्य आजही करतात. सहाणेच्या जागी काच आली, एवढाच काय तो फरक. मात्र आजीच्या हातून जो वास ठणका थांबल्याची खूण म्हणून येई, तोच आता परक्या खुर्चीत, परक्या हातून, सुईच्या आणि यंत्राच्या आवाजाच्या सोबतीने येऊ लागला. गेल्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील संशोधकांना असे आढळले की, ज्यांना दंतवैद्याची धास्ती आहे त्यांच्या शरीरात युजेनॉलच्या नुसत्या वासाने भयाची लक्षणे उमटतात, इतरांना तोच वास सुखद वाटतो.

म्हणूनच डोंबिवलीचा उल्लेख मला येथे अगत्याचा वाटतो. केशव विष्णु पेंढरकर यांनी १९५२ मध्ये सुरू केलेल्या विको वज्रदंतीचा कारखाना या गावात आला, आणि पेंढरकरांचे नाव येथल्या महाविद्यालयालाही आहे. बाभूळ, बकुळ, लवंग, अक्कलकाढा यांचे ते मंजन भय घालविण्यासाठी निघालेले नव्हे. पण लवंगेचा वास मुलाच्या सकाळच्या चूळ भरण्यात, म्हणजे निर्भय अशा वेळी, त्याने टिकवून धरला, हे त्याचे श्रेय मी मानतो.

अलीकडे मुलांच्या दंतोपचारात लॅव्हेंडरचा सुगंध, कॅमोमाइल, व्हॅलेरियन यांचे प्रयोग झाले आहेत. आपली जटामांसी त्या व्हॅलेरियनच्याच कुळातली. त्यांतल्या सुगंधाच्या वाटेला माझी हरकत नाही. पोटात द्यावयाच्या द्रव्यांविषयी मात्र सावध राहावे: जायफळ मात्रेबाहेर गेले तर मळमळ आणि भ्रम होतो, लवंगेचे निर्भेळ तेल गिळल्यास लहान मुलाच्या यकृताला इजा होऊ शकते, आणि वेखंड खाद्यपदार्थांत घालण्यास अमेरिकेने १९६८ मध्येच मनाई केली आहे. तेव्हा ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या आईबापांना माझी विनंती अशी की, दवाखान्यात जाण्यापूर्वी घरात काही उगाळून दिले असेल तर ते संकोच न करता दंतवैद्याला सांगावे, आणि आजी घरी असेल तर तिलाही मुलाबरोबर न्यावे.