वडवणीला चित्रपट कोण निवडत असे?

डिसेंबर उजाडला की वर्तमानपत्रांतून सरत्या वर्षातील उत्तम चित्रपटांच्या याद्या प्रसिद्ध होऊ लागतात. समीक्षक आपली आवड सांगतात, महोत्सवांसाठी चित्रपट निवडणारी मंडळीही सांगतात. कोणी दहा नावे देतो, कोणी वीस. त्या वाचताना एक प्रश्न मला नेहमी पडतो. बीडहून परळीकडे जाताना तेलगावच्या अलीकडे वडवणी लागते. १९९९ साली ते तालुक्याचे ठिकाण झाले. त्याआधी बालाघाटच्या परिसरातील इतर अनेक गावांसारखेच ते एक गाव होते. अशा गावांतील शेतकऱ्याने, मजुराने, माहेरवाशिणीने विसाव्या शतकात जे चित्रपट पाहिले, ते कोणाच्या पसंतीने तिथवर पोहोचले? पुण्यामुंबईच्या रसिकांच्या आवडीचा इतिहास लिहिला गेला आहे. या दुसऱ्या निवडीचा इतिहास मात्र कोणी मांडलेला नाही, आणि तो मांडण्याची साधने आपल्या डोळ्यांदेखत नाहीशी होत आहेत.

निवड करणारा माणूस होता तो फिरत्या तंबूचा मालक. आपल्याकडील चित्रपटाच्या जन्माशीच त्याचे नाते आहे. गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये दादासाहेब फाळके यांनी येशूच्या जीवनावरील मूकपट पाहिला आणि त्यातून पुढे १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ घडला, ही कथा आपल्या वाचकांना ठाऊक आहे. त्यापुढचा भाग कमी सांगितला जातो. फाळके स्वतः आपला चित्रपट घेऊन गावोगावी हिंडले. सुरतेच्या पहिल्या खेळाला अवघे तीन रुपये जमले असे सांगतात. तेव्हा त्यांनी जाहिरातीत सत्तावन्न हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र तीन आण्यांत पाहावयास मिळेल असे जाहीर केले, आणि गर्दी लोटली. लांबीच्या मापाने मोल ठरविणाऱ्या गिऱ्हाइकाला त्याच्याच मापाने उत्तर देण्याची ही हुशारी तंबूवाल्यांच्या पुढच्या पिढ्यांनीही जपली. फाळक्यांच्याही आधी अब्दुलअली युसुफअली हे गृहस्थ तंबू घेऊन आग्नेय आशियात आणि नंतर हिंदुस्थानभर फिरत होते. पुढे ते अर्देशीर इराणींचे भागीदार झाले, आणि १९३१ साली ‘आलम आरा’ हा पहिला बोलपट त्यांच्या मॅजेस्टिक चित्रगृहात लागला. तंबूतून पक्क्या इमारतीत जाणे ही प्रगती मानली गेली. परंतु तंबूही आणखी ऐंशी वर्षे उभा राहिला.

वडवणीच्या बाबतीत निवडीचा पहिला निर्णय तंबूवाल्याच्याही हाती नव्हता. तो नकाशाने केलेला होता. चित्रपटाच्या व्यापाऱ्यांनी देशाची वाटणी ‘सर्किट’मध्ये केली, आणि मराठवाडा त्यात ‘निजाम’ या सर्किटात गेला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला; पण वितरकांच्या वह्यांत बीड, परभणी, नांदेड हे जिल्हे तेलंगणाच्या शेजारी ‘निजाम’ याच सदराखाली राहिले. राजा गेला, राज्य गेले, चित्रपटांच्या हिशेबात त्याचा मुलूख तेवढा उरला! पुण्यात एखाद्या मराठी चित्रपटाने किती आठवडे गाजवले याचा या मुलखाशी थेट संबंध नसे. १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात अडीच वर्षांच्या आसपास चालला. खेड्यातील तंबूत चित्रपट यायचा तो शहरे पाहून झाल्यावर, प्रिंट जुनी झाल्यावर आणि तिचे भाडे उतरल्यावर.

म्हणूनच ‘वर्षातील उत्तम चित्रपट’ या शब्दांचा तंबूत निराळा अर्थ होता. वर्ष म्हणजे जानेवारी ते डिसेंबर नव्हे. ते दसरा-दिवाळीनंतर सुरू होई आणि मृगाच्या पावसाआधी संपे, कारण पावसाळ्यात कापडाच्या छताखाली धंदा होत नाही. त्याचे महिने इंग्रजी दिनदर्शिकेने ठरत नसत, जत्रांनी ठरत. कार्तिकी पौर्णिमेला कपिलधार, मार्गशीर्षात अंबाजोगाईची योगेश्वरी, त्याच महिन्याच्या अखेरीस नांदेडकडील माळेगावचा खंडोबा, महाशिवरात्रीला परळी वैजनाथ, चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याची येडेश्वरी: मराठवाड्याच्या या भागाचे पंचांग असे. पश्चिम महाराष्ट्रात पुसेगावसारख्या जत्रांत एकाहून अधिक तंबू शेजारी शेजारी लागत आणि ध्वनिक्षेपकावरून एकमेकांचे प्रेक्षक ओढत.

बीड जिल्ह्याच्या पंचांगात आणखी एक गोष्ट धरावी लागते. दसऱ्यानंतर येथील लक्षावधी माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत परत फिरता येत नाही. कार्तिक-मार्गशीर्षाच्या जत्रा भरतात तेव्हा कित्येक गावांत म्हातारेकोतारे आणि त्यांच्या स्वाधीन केलेली लेकरेच मागे असतात. कारखाने बंद होऊन कोयते परतले की चैत्र-वैशाख येतो, लग्नसराई येते, गाव भरते. निवड करणाऱ्याने हे ओळखलेच पाहिजे. त्याचा उत्तम चित्रपट राखून ठेवायचा तो या आठवड्यांसाठी, हे मी कोणत्या कागदावरून सांगत नाही. जिल्ह्याची रीत पाहून सांगतो.

आता निवडीचे तंत्र. नव्या चित्रपटाला वितरक उत्पन्नाचा हिस्सा मागतो, जुन्याला ठोक भाडे लावतो. तंबूवाल्याची झेप जुन्यापर्यंत. हजार फुटांचे एक रीळ सुमारे अकरा मिनिटे चालते. अडीच तासांचा चित्रपट म्हणजे चौदा-पंधरा रिळे, पत्र्याच्या पेट्यांतून ट्रकवर चढवायची. जुन्या प्रिंटला ओरखडे, जोड, मधूनच गळालेली दृश्ये. तेव्हा तंबूत टिकणारा चित्रपट तो, ज्याचा एखादा तुकडा गळाला तरी कथा तुटत नाही. ही कसोटी कोणत्याही समीक्षाग्रंथात सापडणार नाही, पण ती वाटते तितकी हलकी नाही. श्रोत्यांना आधीच ठाऊक असलेली कथा अशा वेळी तग धरते. म्हणून पौराणिक आणि संतपट तंबूत दीर्घायुषी ठरले. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, आणि खेड्यातल्या माणसालाही तो तितकाच आपला वाटला. १९७५ साली ‘जय संतोषी माँ’ आला तेव्हा प्रेक्षक चपला बाहेर काढून आत जात आणि पडद्यावर नाणी उधळत. त्याच वर्षीचा दादा कोंडक्यांचा ‘पांडू हवालदार’ दुसऱ्या टोकाचा. कोंडक्यांच्या सलग नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केले. जत्रेतल्या पुरुषमंडळींना हसवायला एक कोंडके, आणि स्त्रियांना रडवायला १९९१ नंतर ‘माहेरची साडी’, एवढी शिदोरी असली की मालकाने निम्मी जत्रा जिंकली. काही तंबूंत शेवटच्या खेळाला कोणते चित्रपट लागू लागले, हेही आपण जाणतो. तेथे पसंती संपून पोट बोलू लागले होते. धर्मगुरू म्हणून मला ते रुचत नाही, पण तेवढ्यावरून साऱ्या तंबूला नावे ठेवणे हा अन्याय होईल.

चित्रपटांच्या याद्या करण्याचा मोह ख्रिस्तसभेलाही सुटलेला नाही. पोप पायस अकरावे यांनी १९३६ च्या ‘विजिलान्ती कुरा’ या विश्वपत्रात चित्रपटांची वर्गवारी करून श्रद्धावंतांना सांगावी असे सुचविले. त्या यादीचा रोख काय पाहू नये याकडे अधिक. १९९५ साली चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनने पंचेचाळीस चित्रपटांची यादी केली, धर्म, मूल्ये आणि कला यांचे प्रत्येकी पंधरा. ही पसंतीची यादी होती. तीत अटेनबरोंचा ‘गांधी’ आहे, डी सिकांचा ‘बायसिकल थीव्ज’ आहे. भारतीय दिग्दर्शकाचा मात्र एकही नाही. रोमच्या यादीतून सत्यजित राय सुटले, याचे मला आजही नवल वाटते.

निवड करणाऱ्याने प्रेक्षकाला कमी लेखू नये, याचे मोठे उदाहरण पुण्याचे पी. के. नायर. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, आणि १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत नायरांनी ते वाढविले. अंधारात बसून, पाहिलेल्या प्रत्येक चित्रपटाची टिपणे ते वहीत करीत. कर्नाटकातील हेग्गोडू या लहानशा गावी के. व्ही. सुब्बण्णांच्या ‘नीनासम’ला त्यांनी जगातील अभिजात चित्रपट पाठविले, आणि सुपारीच्या बागांतली माणसे कुरोसावा पाहू लागली. नायर २०१६ मध्ये वारले. त्यांच्या टिपणवह्या आणि त्यांच्यावरील ‘सेल्युलॉइड मॅन’ हा २०१२ चा माहितीपट त्यांची पसंती सांगतात. तंबूवाल्याच्या पसंतीला असा साक्षीदार क्वचितच लाभला. बीडमधून हेग्गोडू का घडले नाही, याचे उत्तर माणसांच्या कुवतीत शोधू नये. अर्धे वर्ष गावाबाहेर काढणाऱ्यांचे चित्रमंडळ कोण चालविणार?

तंबूवर घाव एकामागून एक बसले. १९८० च्या दशकात व्हिडिओ आला, रंगीत दूरदर्शन आले, १९८७ मध्ये रविवारच्या ‘रामायणा’ने पौराणिक चित्रपटाचा हक्काचा प्रेक्षक घरी बसविला. २०१० नंतरच्या काही वर्षांत फिल्मची प्रिंट निघणेच बंद झाले. उपग्रहावरून येणारा चित्रपट ठरल्या दिवशी येतो आणि ठरल्या दिवशी जातो. जुनी प्रिंट स्वस्तात घेऊन आपल्या अंदाजाने योग्य जत्रेला लावण्याची मुभा तेथे संपली. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातील या अखेरच्या तंबूंवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला, आणि २०१६ मध्ये कान येथे त्याचा विशेष उल्लेख झाला. त्याआधी २०११ साली मधेशियांच्या छायाचित्रमालेला वर्ल्ड प्रेस फोटोचा पुरस्कार मिळाला होता. रात्रीच्या तंबूत बसलेल्या प्रेक्षकांचे चेहरे तीत आहेत: पडद्याकडे लागलेले डोळे, उघडी तोंडे, अंगाभोवती घट्ट ओढलेली पांघरुणे.

ते काय पाहत होते, हे त्या चेहऱ्यांवरून कळत नाही. ते सांगणारे कागद साधे असतात. वितरकाची पावती, गावात वाटलेले रंगीत हस्तपत्रक, मालकाने कोणत्या जत्रेला कोणती पेटी नेली आणि गल्ला किती जमला हे टिपलेली वही. भारतात सतराशेच्या आसपास मूकपट निघाले आणि त्यांतले पूर्ण वाचले ते बोटांवर मोजण्याइतके. हे कागद तर त्याहून लवकर रद्दीत जातात. मराठवाड्यातील आपल्या वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर, ट्रंकेत किंवा जुन्या दुकानाच्या फळीवर असे काही असेल तर त्यांनी ते फेकू नये, आणि घरातील वडीलधाऱ्यांनी जत्रेत काय पाहिले ते त्यांना वेळेत विचारून, गावाच्या आणि वर्षाच्या नावानिशी लिहून ठेवावे.