रमच्या बाटलीतली साखर

आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक रमच्या लेबलवर ४२.८ टक्के असा आकडा असतो. शेजारी कुठेतरी ७५ अंश प्रूफ किंवा २५ यू.पी. (अंडर प्रूफ) असंही लिहिलेलं असतं. या विचित्र आकड्याचं मूळ ब्रिटिश अबकारी खात्यात आहे, आणि रमच्या कायद्याचा मागोवा घ्यायचा तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

सतराव्या शतकाच्या मध्यावर बार्बाडोसमधल्या साखरमळ्यांवर उरलेली मळी आंबवून दारू काढली जाऊ लागली. ती कशाची आहे, तिच्यात काय घातलंय, याची सरकारला फिकीर नव्हती. तिची तीव्रता किती, एवढंच सरकारला हवं होतं, कारण कर त्यावर बसायचा. दारूत भिजवलेली बंदुकीची दारू पेट घेते का, यावरून तीव्रता ठरवायची जुनी रीत होती. १८१६ साली ब्रिटिश संसदेने बार्थोलोम्यू साइक्सचा पितळी हायड्रोमीटर कायद्याने मान्य केला. त्याच्या मापात १०० प्रूफ म्हणजे साधारण ५७.१ टक्के अल्कोहोल. त्याचे ७५ टक्के काढले की ४२.८ येतात. ब्रिटनने हे माप १९८० मध्ये सोडलं, आपण अजून बाटलीवर छापतो.

या यंत्राची एक खोड नीट समजून घेण्यासारखी आहे. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे दारू जितकी कडक तितका हायड्रोमीटर खोल बुडतो. साखर विरघळली की द्रव जड होतो, यंत्र वर उचललं जातं आणि दारू आहे त्यापेक्षा सौम्य दिसते. लिटरमागे २० ग्रॅम साखर असेल तर हायड्रोमीटर पाच-सहा टक्के कमी दाखवतो. म्हणजे साखर घातली की कर बुडतो. म्हणून अशा दारूचा नमुना पुन्हा ऊर्ध्वपातित करून, साखर मागे ठेवून, मगच मोजावा लागे. अबकारी अधिकाऱ्यांना साखरेची ही करामत ठाऊक होती. चवीच्या दृष्टीने ती कायद्यात यायला मात्र फार उशीर लागला.

मधल्या काळात वाद पेटला तो कच्च्या मालावरून. जर्मनीत रमवरचं आयातशुल्क वाढलं, तेव्हा व्यापाऱ्यांनी जमैकाची अतिशय उग्र वासाची रम थोडीशी मागवून ती साध्या स्पिरिटमध्ये मिसळली. ही ‘रम-फेरश्निट’ आजही कायदेशीर आहे आणि तिच्यातलं फक्त ५ टक्के अल्कोहोल रमचं असलं तरी चालतं. झेक लोक तर बटाट्याच्या आणि बीटच्या स्पिरिटमध्ये अर्क घालून ‘देशी रम’ बनवत होते. युरोपीय संघात शिरल्यावर त्यांना बाटलीवरून ‘रम’ शब्द काढावा लागला. ब्रिटनमध्ये व्हिस्कीच्या भांडणातून नेमलेल्या शाही आयोगाने १९०९ मध्ये जाता जाता रमचीही व्याख्या केली : ऊस पिकवणाऱ्या देशात, थेट उसाच्या उत्पादनांपासून काढलेलं मद्य. माझ्या मते इतकी नेटकी व्याख्या नंतर झालीच नाही.

युरोपीय संघाने उसाचा रस, काकवी किंवा मळी हाच कच्चा माल, ९६ टक्क्यांच्या आत ऊर्ध्वपातन आणि बाटलीत किमान ३७.५ टक्के अल्कोहोल, अशी चौकट घातली. स्वाद घालायला बंदी, रंगापुरतं कॅरमेल चालेल. साखरेला मात्र ठरावीक कमाल मर्यादा नव्हती. ती आली २०१९ च्या नियमात आणि लागू झाली २०२१ मध्ये : लिटरला २० ग्रॅम. ७५० मिलीच्या बाटलीत १५ ग्रॅम, म्हणजे तीन-चार चमचे. अमेरिकेत अडीच टक्क्यांपर्यंत रंग, स्वाद आणि मिश्रणाचे पदार्थ लेबलवर न सांगता घालता येतात. याउलट मार्टिनिकने १९९६ मध्येच ताज्या उसाच्या रसाच्या रमला फ्रेंच मूळस्थानाचं संरक्षण मिळवून दिलं, आणि जमैकाच्या २०१६ च्या भौगोलिक मानांकनाने साखरेला दार बंद केलं. पिंपात बारा-पंधरा वर्षं मुरलेल्या रमची गोलाई आणि साखरेने आणलेली गोलाई एकाच नावाने विकली गेली, तर नुकसान मुरवणाऱ्याचं होतं. त्याचा माल वर्षानुवर्षं पिंपांतून उडत असतो, दुसऱ्याचं काम एका पोत्यात भागतं.

आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची २०१८ ची मानकं आहेत. उसापासूनच्या न्यूट्रल स्पिरिटपासून बनवलेल्या दारूलाही ती रम म्हणू देतात. त्याच नियमांनी मद्याच्या लेबलवर पोषणमूल्यं छापायला मनाई केली. बिस्किटाच्या पुड्यावर साखर किती हे ग्राहकाला कळतं, रमच्या बाटलीवर कळत नाही. मळीचा एवढा मोठा साठा ज्या महाराष्ट्राच्या कारखान्यांतून निघतो, त्या महाराष्ट्राने तरी ही मागणी लावून धरायला हवी : हवं ते घाला, पण बाटलीवर ग्रॅममध्ये लिहा.