मल्टिकास्ट राउटिंगमधील दोषशोध

मल्टिकास्ट राउटिंगमधील दोषशोध : एका स्रोताने गटपत्त्यावर पाठवलेली पॅकेट्स मागणाऱ्या संगणकांपर्यंत का पोहोचत नाहीत, किंवा न मागणाऱ्यांच्या गळ्यात का पडतात, हे शोधण्याची पद्धत. मल्टिकास्टमध्ये स्रोत प्रत्येक पॅकेट एकदाच पाठवतो. वाट फुटेल तिथला राउटर त्याच्या प्रती काढतो. स्टीव्ह डिअरिंग यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात ही रचना मांडली आणि १९८९ मध्ये आरएफसी १११२ ने तिला प्रमाणरूप दिले. आयपीव्ही४ मध्ये २२४.०.०.० ते २३९.२५५.२५५.२५५ हे पत्ते गटांसाठी आहेत.

महाराष्ट्रातले ठळक उदाहरण मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे. २०१० मध्ये तिथे को-लोकेशन, म्हणजे दलालांचे सर्व्हर बाजाराच्याच आवारात ठेवण्याची सोय, सुरू झाले, तेव्हा प्रत्येक उलाढालीचे ताजे भाव टीसीपीने, एकेका दलालाच्या जोडणीवर एकामागून एक जात. सर्व्हरला आधी जोडला जाणाऱ्याला भाव आधी मिळतात, असा आक्षेप त्यावर आला. एप्रिल २०१४ मध्ये बाजाराने हेच भाव मल्टिकास्टने द्यायला सुरुवात केली. जुन्या पद्धतीबद्दल बाजारनियामक सेबीने ३० एप्रिल २०१९ रोजी बाजाराला ६२४.८९ कोटी रुपये व्याजासह भरण्याचा आदेश दिला. रोखे अपील न्यायाधिकरणाने जानेवारी २०२३ मध्ये ती वसुली रद्द करून १०० कोटी भरायला सांगितले. मल्टिकास्टने रांग मोडली खरी, पण तो यूडीपीवर चालतो आणि यूडीपी हरवलेले पॅकेट पुन्हा पाठवत नाही. त्यामुळे भावाच्या प्रत्येक संदेशावर अनुक्रमांक असतो. दलालाकडच्या अभियंत्याला बिघाडाची पहिली खूण मिळते ती या क्रमांकांत पडलेल्या खंडातूनच.

शोध ग्राहकाच्या टोकापासून उलटा घ्यावा लागतो, कारण मल्टिकास्टचा मार्गवृक्ष त्याच दिशेने उभा राहतो. ग्राहक आयजीएमपीने जवळच्या राउटरला ‘हा गट हवा’ असे कळवतो. तो राउटर पिम या राउटरांमधल्या मल्टिकास्ट प्रोटोकॉलच्या भाषेत वरच्या राउटरकडे मागणी करतो, आणि ती एकेक टप्पा चढत रान्देव्हू पॉइंटपर्यंत (स्रोत आणि ग्राहक यांची गाठ घालून देणाऱ्या राउटरपर्यंत) किंवा थेट स्रोतापर्यंत जाते. म्हणून प्रथम ग्राहकाजवळच्या राउटरवर गटाची सदस्यनोंद पाहावी, मग त्याच्या मल्टिकास्ट मार्गतक्त्यातली नोंद. बाहेर जाणाऱ्या इंटरफेसांची यादी रिकामी असेल तर खालून मागणीच आलेली नाही. गटाची नोंद आहे पण विशिष्ट स्रोताची नाही, असे असेल तर स्रोताची वर्दी रान्देव्हू पॉइंटला लागलेली नाही, किंवा दोन राउटर वेगवेगळ्या रान्देव्हू पॉइंटवर विसंबून आहेत, ही शंका आधी घ्यावी. ‘पिंग तर लागतंय’ हा युक्तिवाद इथे फारसा उपयोगाचा नाही. पिंगने साधी वाट सिद्ध होते, वृक्ष नाही.

सर्वांत जास्त वेळ खाणारा दोष आरपीएफ, म्हणजे परतीच्या वाटेच्या, तपासणीचा. पॅकेट ज्या इंटरफेसवर आले, त्याच इंटरफेसने स्रोताकडे परतीची वाट जाते का, हे राउटर पाहतो. जात नसेल तर पॅकेट मुकाट्याने टाकून देतो. दोन राउटरांमध्ये दोन तारा आहेत, परतीची वाट पहिलीवरून आणि पिम मात्र फक्त दुसरीवर चालू, एवढ्यानेही प्रवाह थांबतो. कुठेही त्रुटीसंदेश येत नाही. फक्त आरपीएफ अपयशाचा आकडा वाढत राहतो. तो आकडा बघायची सवय नसलेला माणूस दिवसभर केबल बदलत बसतो.

दुसरा नेहमीचा प्रकार घड्याळ लावून ओळखता येतो : प्रवाह सुरू होतो, व्यवस्थित चालतो आणि साधारण सव्वाचार मिनिटांनी बंद पडतो. स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (मागण्या ऐकून फक्त मागणाऱ्या पोर्टांवर प्रवाह सोडणे) चालू असते, पण त्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे स्विचवरच्या आभासी जाळ्यात, ‘अजून कोणाला हवे आहे का’ असे विचारणारा क्वेरिअर नसतो. प्रमाणानुसार हा प्रश्न दर १२५ सेकंदांनी विचारला जातो आणि उत्तर न आल्यास २६० सेकंदांनी सदस्यत्व संपते. वैतागून स्नूपिंग बंद केले तर तक्रार मिटते, मात्र सगळा प्रवाह स्विचच्या प्रत्येक पोर्टवर ओतला जातो. हा उपाय नव्हे. राउटरवर पिम किंवा स्विचवरच क्वेरिअर चालू करावा.

आणखी दोन दोष पाठवणाऱ्याच्या बाजूचे. पाठवणाऱ्या प्रोग्रॅमने टीटीएल, म्हणजे पॅकेटला किती टप्पे जाता येईल तो आकडा, मुद्दाम वाढवला नसेल तर तो बहुधा १ असतो आणि पॅकेट पहिल्या राउटरपलीकडे जात नाही. तसेच ३२ गटपत्त्यांना मिळून एकच इथरनेट पत्ता येतो. २३९.०.०.१ निवडल्यास त्याचा इथरनेट पत्ता २२४.०.०.१ या राखीव पत्त्याच्या इथरनेट पत्त्याशी जुळतो आणि अनेक स्विच त्यावरचा प्रवाह सर्वत्र पसरवतात.

ग्राहकयंत्रे आयजीएमपीची तिसरी आवृत्ती जाणत असतील, तर नव्या जाळ्यात २३२ ने सुरू होणारे गट घेऊन स्रोतनिश्चित मल्टिकास्ट वापरणे केव्हाही बरे. त्यात रान्देव्हू पॉइंटच लागत नाही, त्यामुळे त्याच्या भोवतीचे सगळे दोष मुळातच टळतात. वेगवेगळ्या संस्थांच्या जाळ्यांदरम्यान तर २०२० च्या आरएफसी ८८१५ ने जुना कोणत्याही-स्रोताचा प्रकार बाद ठरवून हाच प्रकार सुचवला आहे.